निलंगा ते किनवट : सेतुमाधवराव पगडी आणि स्थानिक इतिहासाची भाषा

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –

• सेतुमाधवराव पगडी यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल.
• मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासाची साधने अनेक भाषांत का विखुरली आहेत, हे स्पष्ट करता येईल.
• गोंडी व कोलामी या भाषांविषयी पगडी यांनी केलेल्या कार्याचे महत्त्व सांगता येईल.
• आपल्या गावाच्या इतिहासासाठी बालपणीच्या आठवणींचा साधन म्हणून उपयोग करता येईल.

१. प्रास्ताविक

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत किंवा जुन्या कपाटात पिवळे पडलेले काही कागद जपून ठेवलेले असतात. एखादी सनद, एखादा मुंतखब, शेताचे जुने पत्रक, आजोबांच्या शाळेचा दाखला. हे कागद आपलेच असतात. त्यांवर आपल्याच पूर्वजांची नावे असतात. मात्र ते उघडले की घरातील कोणालाही वाचता येत नाहीत. काही उर्दूत असतात, काही फारसीत, काही मोडीत. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शासकीय पातळीवर शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे, हे सर्वांच्या ध्यानात आले. जी माहिती आपल्या गावाच्या दप्तरात होती, ती समजून घेण्यासाठी दुसऱ्याचा आधार घ्यावा लागला.

आपला इतिहास आपल्याच हाती असून आपल्याला वाचता येऊ नये, ही स्थिती मराठवाड्याच्या वाट्याला का आली? आणि तिच्यावर मात कशी करता येते? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधताना ज्यांच्या चरित्राकडे प्रथम वळावे, असे अभ्यासक म्हणजे सेतुमाधवराव पगडी. मोगल-मराठा संघर्षाचे इतिहासकार म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहेत. या घटकात आपण त्यांच्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. आपल्या प्रदेशाचा इतिहास जाणून घेण्यासाठी एकामागून एक भाषा शिकत गेलेला मांजरा खोऱ्यातील एक माणूस, या नात्याने त्यांचा परिचय करून घ्यावयाचा आहे.

२. जन्मभूमी : मांजरा-तेरणेचा परिसर

सेतुमाधवराव श्रीनिवासराव पगडी यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंगा येथे झाला. आज निलंगा हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. १९१० मध्ये मात्र ते हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात मोडत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. त्या वेळी बीदर जिल्ह्यातील निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हा मराठी भाषकांचा भाग उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला व बीदर म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९८२ मध्ये उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. गाव जागचे हलले नाही. पण एका माणसाच्या हयातीत त्याचा जिल्हा दोनदा बदलला, राज्य बदलले आणि राज्यकारभाराची भाषाही बदलली. मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासाचे हे पहिले वैशिष्ट्य आपण लक्षात ठेवले पाहिजे.

निलंग्याच्या परिसरात तेरणा नदी मांजरेला मिळते. पुढे मांजरा बीदरच्या बाजूने वळसा घेऊन नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली भागातून वाहते आणि गोदावरीला मिळते. या खोऱ्यातील गावांत मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात, तर बिलोली-देगलूरकडे गेले की तेलुगूही कानी पडते. जमिनीखालचा आणि दगडांवरचा इतिहासही असाच बहुभाषिक आहे. निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर, देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे ही चालुक्यकालीन शिल्पवैभवाची साक्ष देतात. होट्टल आणि तडखेल येथे कन्नड शिलालेख आहेत. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे अधिपती म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामावर विजय मिळविला, तो उदगीरला. त्या लढाईची हकीकत जाणून घ्यावयाची, तर मोडीतील पेशवे दप्तर आणि फारसीतील निजामाकडील कागद, दोन्ही पाहावे लागतात.

अशा परिसरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर लहानपणापासूनच एकाहून अधिक भाषा पडत. घरची भाषा एक, बाजाराची दुसरी, कचेरीची तिसरी. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषक प्रजा संख्येने मोठी होती. पण तिच्या मातृभाषांना कचेरीत व उच्च शिक्षणात स्थान नव्हते. हा अन्याय होता आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या मुळाशी जी कारणे होती, त्यांत त्याचीही गणना केली जाते. पगडी यांच्या चरित्रातील लक्षणीय बाब अशी की, परिस्थितीने लादलेल्या या भाषांकडे त्यांनी केवळ नोकरीची गरज म्हणून पाहिले नाही. त्यांनी त्या भाषांचा उपयोग आपल्या लोकांचा इतिहास उलगडण्यासाठी केला.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
अ) निलंगा १९५६ पूर्वी कोणत्या जिल्ह्यात होते?
आ) आपल्या गावाचा तालुका, जिल्हा किंवा राज्य कधी बदलले आहे काय? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंद करा.

३. शिक्षण आणि शासकीय सेवा

पगडी यांचे शालेय शिक्षण गुलबर्गा व हैदराबाद येथे आणि उच्च शिक्षण उत्तर हिंदुस्थानात बनारस व अलाहाबाद येथे झाले. त्यानंतर १९३० च्या दशकात ते हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत रुजू झाले. मुलकी अधिकाऱ्याचे काम म्हणजे जमाबंदी, सारावसुली, तंटे आणि तपासणी. या कामात गावोगावचे दौरे असत, आणि गावोगावचे कागदही डोळ्यांखालून जात. बहुतेक अधिकारी कागद निकाली काढून पुढे जातात. पगडी यांच्या ठायी असलेल्या अभ्यासकाला त्या कागदांत आणि त्या माणसांत रस होता. त्यांचे पुढील सर्व लेखन पाहिले, म्हणजे कचेरीतील अनुभव आणि इतिहासाचा व्यासंग यांची सांगड त्यांनी कशी घातली, ते कळते.

४. आदिलाबादचे गोंड आणि कोलाम

पगडी यांच्या कार्याचा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा टप्पा आदिलाबाद जिल्ह्यात घडला. येथे पुन्हा भूगोलाची आठवण ठेवावी लागेल. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट-माहूरचा पैनगंगेकाठचा डोंगराळ भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्यामुळे त्या काळी आदिलाबादचे गोंड आणि कोलाम असे म्हटले, की त्यात आजच्या नांदेड जिल्ह्यातील पाडे आणि गुडेही येत. निलंगा हे संस्थानाच्या मराठी मुलखाचे एक टोक, तर किनवट हे दुसरे टोक. पगडी यांचे चरित्र या दोन टोकांना जोडते.

आदिलाबादमधील परिस्थिती बिकट होती. राखीव जंगलांचे कायदे कडक झाले होते. पिढ्यान् पिढ्या गोंड कसत आलेल्या जमिनी बाहेरून आलेल्या लोकांच्या नावावर चढत होत्या. कचेरीत दाद मागावी, तर तेथील भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यांची भाषा कचेरीला येत नव्हती. या असंतोषातून कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली जोडेघाट परिसरात उठाव झाला आणि १९४० मध्ये ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिवासींच्या प्रश्नांच्या अभ्यासाचे काम सोपविले. त्यांच्या सूचनेवरून आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडी भाषेतील प्राथमिक पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली.

आदिवासी पुनर्वसनाच्या या प्रयत्नांत अधिकारी म्हणून पगडी यांचा सहभाग होता. त्या काळी अधिकारी आदिवासींशी दुभाष्यामार्फत बोलत. पगडी स्वतः गोंडी शिकले, कोलामी शिकले. दुभाष्यावर विसंबलेल्या माणसाला प्रश्नाचे उत्तर मिळते. परंतु उत्तर देताना बोलणारा कोठे थांबला, कोणता शब्द त्याने टाळला, हे त्याला कळत नाही. जमिनीच्या तंट्यात तर एका शब्दावर शेत राहते किंवा जाते. म्हणून भाषा शिकणे हा येथे केवळ विद्वत्तेचा विषय नव्हता. तो न्यायाचाही विषय होता.

या परिश्रमांतून १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५० मध्ये कोलामी भाषेचे आणि १९५४ मध्ये गोंडी भाषेचे व्याकरण हैदराबादहून प्रकाशित झाले. ही व्याकरणे व्यावसायिक भाषावैज्ञानिकाची नव्हती. ध्वनींच्या नोंदीत पुढील अभ्यासकांनी अधिक काटेकोरपणा आणला, हेही मान्य केले पाहिजे. तरीही त्यांचे मोल मोठे आहे. टी. बरो आणि एम. बी. एमेनो यांनी सिद्ध केलेला द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कोशात गोंडी व कोलामी शब्दांच्या पुढे आधार म्हणून सेतुमाधवरावांच्या नावाची आद्याक्षरे येतात. जगभरच्या भाषाभ्यासकांच्या नित्य वापरातील कोशात निलंग्यात जन्मलेल्या एका मुलकी अधिकाऱ्याने पाड्यावर बसून टिपलेले शब्द अशा रीतीने स्थिरावले आहेत.

गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातील भाषा आहेत, म्हणजेच कन्नड आणि तेलुगू यांच्या नात्यातील. पुढील दोन शब्दांवरून हे नाते सहज कळेल.

• ‘तीन’ : कन्नड मूरु, तेलुगू मूडु, गोंडी मुंड, कोलामी मूंदिंग.
• ‘पाणी’ : कन्नड नीरु, तेलुगू नीरु, गोंडी येर, कोलामी ईर.

कन्नड-तेलुगूचा शेजार लाभलेल्या अभ्यासकाला हे साम्य जाणवणे स्वाभाविक होते. मात्र ते जाणवण्यासाठी पाड्यावर जाऊन कान द्यावा लागतो. रानटी बोली म्हणून जिची हेटाळणी होत असे, तिला नियम आहेत, लिंगवचनांची व्यवस्था आहे, क्रियापदांची रूपावली आहे, हे व्याकरण लिहिल्याने सिद्ध होते. कोणत्याही भाषेचे व्याकरण लिहिणे म्हणजे ती बोलणाऱ्यांची प्रतिष्ठा मान्य करणे होय.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
अ) ‘भाषा शिकणे हा येथे न्यायाचाही विषय होता’ या विधानाचा अर्थ तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा.
आ) आपल्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या, परंतु शाळेत न शिकविल्या जाणाऱ्या एखाद्या बोलीतील दहा शब्द अर्थासह लिहा.

५. फारसी साधनांचा अभ्यासक

पगडी यांची सर्वाधिक ख्याती फारसी साधनांच्या मराठी अनुवादांमुळे झाली. औरंगजेब दख्खनमध्ये उतरला आणि १७०७ मध्ये येथेच मरण पावला. या पाव शतकात त्याची छावणी हाच फिरता दरबार होता. त्या दरबारातील दैनंदिन घडामोडींची बातमीपत्रे, म्हणजे अखबारात, फारसीत आहेत. भीमसेन सक्सेना आणि खाफीखान यांचे ग्रंथही फारसीत आहेत. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची हकीकत शत्रूच्या लेखणीतून अशी सविस्तर उपलब्ध असताना, फारसी न जाणणारा मराठी वाचक तिच्यापासून दूर होता. पगडी यांनी ही साधने मराठीत आणली.

भीमसेन हा मोगलांच्या चाकरीतील दलपतराव बुंदेल्याच्या पदरी होता. तरीही त्याने मोगल सैन्याचे हाल, सरदारांचा स्वार्थ आणि रयतेची दैना लपविली नाही. अशा लेखकाचे वाचन कसे करावे, हे पगडी यांच्या कामातून शिकता येते. शत्रूने लिहिले म्हणून ते टाकावे, असे नाही. आणि फारसीत आहे म्हणून ते प्रमाण मानावे, असेही नाही. लिहिणारा कोणाच्या चाकरीत होता, त्याने स्वतः काय पाहिले आणि ऐकीव काय लिहिले, हे पारखून मगच निष्कर्ष काढावा. दुसरी एक गोष्टही येथे नोंदविण्याजोगी आहे. फारसीचे ज्ञान त्यांनी केवळ लढायांच्या अभ्यासापुरते ठेवले नाही. सूफी संप्रदायावर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला आणि उर्दू काव्याचाही मराठी वाचकांना परिचय करून दिला. कंधारपासून औशापर्यंत दर्गे आणि मठ एकाच गावात असलेल्या आपल्या प्रदेशात हे काम अत्यावश्यक होते.

६. गॅझेटियर : जिल्ह्याचा इतिहास

१९५६ च्या प्रांतरचनेनंतर पगडी मुंबई राज्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या सेवेत आले. १९६० च्या दशकात महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाचे कार्यकारी संपादक व सचिव म्हणून त्यांनी काम केले. गॅझेटियर म्हणजे एखाद्या जिल्ह्याचा भूगोल, इतिहास, लोकजीवन, शेती, व्यापार आणि महत्त्वाची गावे यांची साधार माहिती देणारा ग्रंथ. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी असे विस्तृत खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या अभ्यासकाला आपल्या गावाची माहिती शोधण्यासाठी ते हाताशी होते. निजामाच्या राज्यातील नांदेड वा उस्मानाबादसाठी त्या तोडीचे खंड नव्हते. १९०९ च्या साम्राज्याच्या गॅझेटियरमध्ये संपूर्ण हैदराबाद संस्थान एका खंडात आटोपले होते. मराठवाड्याचे हे दारिद्र्य केवळ पावसाचे आणि पैशाचे नव्हते. ते नोंदींचेही होते.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ही उणीव भरून निघू लागली. परभणीचा खंड १९६७ मध्ये, नांदेडचा १९७१ मध्ये आणि उस्मानाबादचा १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी शेवटचे दोन खंड पगडी यांच्या कार्यकाळानंतर बाहेर आले असले, तरी या उपक्रमाची घडी बसविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. आजही निलंगा किंवा कंधार यांविषयी काही लिहावयाचे झाले, की अभ्यासक प्रथम हे खंड उघडतात.

गॅझेटियरच्या मर्यादाही आपण जाणल्या पाहिजेत. ते शासनाच्या दृष्टीने लिहिलेले असते. त्यात गढीच्या मालकाचे नाव येते. गढी बांधणाऱ्या गवंड्याचे येत नाही. बाजारात किती धान्य आले ते कळते. जात्यावर ते दळताना बाईने कोणती ओवी गायिली ते कळत नाही. मूळ खंड इंग्रजीत असल्यामुळे ज्या गावांविषयी ते आहेत, त्या गावांपर्यंत ते सहजी पोहोचलेही नाहीत. म्हणजेच नोंदीची उणीव दूर झाली, तरी भाषेची अडचण काही अंशी उरलीच. ती दूर करणे हे पुढच्या पिढीचे, म्हणजे आपले काम आहे.

७. आठवणी हे साधन

शासकीय खंडांत जे येत नाही, त्यासाठी आठवणींकडे वळावे लागते. पगडी यांनी ‘जीवनसेतू’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. संस्थानी काळातील जीवन, शिक्षण आणि नोकरी यांचे चित्र उभे करणारा हा ग्रंथ आहे. सनदांचा आणि अखबारांचा जाणकारही स्वतःच्या स्मृतीला लेखणीच्या योग्यतेची समजतो, ही गोष्ट बोलकी आहे.

आठवणी मात्र पारखून घ्याव्या लागतात. आपल्या आजोबांनी एखादे साल सांगितले, तर ते फसली साल तर नाही ना, हे प्रथम पाहावे. हैदराबाद संस्थानात फसली कालगणना चाले आणि तिचे महिने आजूर, दे, बहमन असे असत. फसली सनात ५९० मिळविले, की स्थूलमानाने इसवी सन मिळतो. म्हणजे फसली १३५७ हे साल साधारणतः १९४७-४८ चे ठरते. संस्थान भारतात विलीन होण्याच्या अगदी उंबरठ्यावरचे. ज्या घटनेचे साल असे निश्चित करता येते, ती आठवण इतिहासाच्या कामाची होते. त्याचप्रमाणे रुपया हाली होता की कलदार, जमीन बिघ्यात सांगितली की एकरात, धान्य पायलीने मोजले की मणाने, हेही विचारून टिपून ठेवावे. हे शब्दच त्या काळाची साक्ष असतात. ते प्रमाण मराठीत बदलून लिहिले, तर साक्ष पुसली जाते.

८. अखेर आणि वारसा

भारत सरकारने १९९२ मध्ये पगडी यांना पद्मभूषण हा सन्मान दिला. १४ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि निलंगा व किनवट ही दोन्ही टोके त्याच्या कक्षेत आली. आज निलंग्याचा विद्यार्थी आणि किनवटचा विद्यार्थी एकाच परीक्षेला बसतात. एकाच्या कानावर कन्नड असते, दुसऱ्याच्या घरी कदाचित गोंडी किंवा कोलामी बोलली जाते. दोघेही आपली ती भाषा घरी ठेवून वर्गात येतात. पगडी यांच्या चरित्राचा बोध घ्यावयाचा असेल, तर ती भाषा घरी ठेवू नये.

९. सारांश

सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल-मराठा इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली, गोंडी व कोलामी भाषांची व्याकरणे लिहिली आणि गॅझेटियरच्या कार्याला दिशा दिली. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या तीन कार्यांमागे एकच धारणा दिसते. गावाचा इतिहास एका भाषेत मावत नाही. तो जाणून घ्यावयाचा असेल, तर दप्तराची भाषाही शिकावी लागते आणि शेजाऱ्याचीही. मराठवाड्यासारख्या प्रदेशात या धारणेला पर्याय नाही.

१०. क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा नात्यातील पंचाहत्तर वर्षांवरील एका व्यक्तीची भेट घ्या. तिच्या बालपणीची शाळा, नदीचा उतार, आठवडी बाजार, सण आणि पहिला प्रवास यांविषयी विचारा. तिचे शब्द जसेच्या तसे, तिच्या बोलीत लिहून घ्या. सालांची पडताळणी करा. घरात वाचता न येणारा एखादा जुना कागद असल्यास त्याची लिपी ओळखण्याचा प्रयत्न करा आणि तो वाचू शकणाऱ्या व्यक्तीचा शोध घ्या. हे काम नोकरी, शेती आणि संसार सांभाळून करावे लागेल, याची आम्हाला जाणीव आहे. पगडी यांनीही आपला बराचसा अभ्यास नोकरी सांभाळूनच केला. मात्र ही भेट पुढच्या सत्रावर टाकू नका. कागद काही वर्षे वाट पाहू शकतो. माणसे तेवढी वाट पाहतीलच, असे नाही.